जेवण झाल्यावर एक

लंडनमधल्या पिनरच्या घरात पुरुषोत्तम सबनीस खात होते, पण जेवत नव्हते. टोस्ट, चहा, केळं, फार तर मायक्रोवेव्हमधलं सूप. त्याला जेवण म्हणणं त्यांच्या जिवावर येई. जेवण म्हणजे ताट, वरण-भात, लिंबाची फोड आणि समोर वीणा.

२००७च्या वसंतात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, तेव्हा सारं वीणाने हातात घेतलं. रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी. वर्षभर चुकवाल तर स्टेंटमध्ये गुठळी होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषध जेवल्यावरच घ्यायचं, हा वीणाचा स्वतःचा कायदा. ताटं उचलताना ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवी. आणि तरी विचारी, "अहो, घेतलीत का?" काळजी सगळी यांच्या हृदयाची, आणि ऑगस्टमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेली ती. देवाला तरी काही ताळतंत्र असावं!

मग गोळी अडली. उपाशीपोटी कशी घ्यायची? उद्या नीट स्वयंपाक करू, मग घेऊ, असं ते रोज ठरवत. सिडनीहून मुलाचा, अनयचा फोन आला की "गोळ्या चालू आहेत" म्हणत, आणि ते त्यांना स्वतःलाही खरं वाटे.

एका शनिवारी मनाचा हिय्या करून ते वेम्बलीला तूरडाळ आणायला गेले. दुकानातच छातीत कळ आली आणि हातातली पिशवी खाली पडली. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. वेळेवर ॲम्ब्युलन्स आली, म्हणून वाचले.

दोन दिवसांनी हॉस्पिटलची फार्मसिस्ट वैभवी त्यांच्या खाटेशी बसली. ईलिंगमध्ये जन्मलेली, मराठी आईकडून ऐकून शिकलेली.

"काका, तुम्ही हा गोळी स्टॉप केला होता का?"

"छे! बंद कशाला करीन? जेवणच होत नव्हतं."

"काहीच खात नव्हते तुम्ही?"

"टोस्ट खायचो."

"काका, टोस्ट इज फूड!" ती हसली, मग त्यांचा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाली, "आणि हा गोळी एम्प्टी स्टमकला पण चालतो. काही नाही खाल्ला तरी घ्यायचा. प्लीज."

एवढीशी गोष्ट! पुरुषोत्तमांना भयंकर लाज वाटली. पण एकट्यासाठी ताट वाढायची भीती वाटत होती, हे त्या पोरीला कसं सांगणार?

"घरी कोण आठवण करतं तुम्हाला?"

"करणारी गेली," ते म्हणाले.

घरी परतल्यावर त्यांनी ताट काढलं नाही. ओट्याशी उभं राहून गोळी तळहातावर ठेवली. आता तिला जेवणाची गरज नव्हती. म्हणजे वीणाचीही नव्हती. हे मात्र गोळीपेक्षा गिळायला जड गेलं. पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी गोळी गिळली आणि पेला विसळून ठेवला.

"घेतली गं," ते मोठ्याने म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं तरी.