अप्पांच्या लाकडी चकत्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. रंगाने हिरवा, काडेपेटीएवढा. चन्नपट्टणातल्या एका घरात, स्टुलावरच्या पेटीत मी राहतो.

या घरातले चिक्कण्णा अप्पा लाकडी खेळणी घडवत. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. त्यांची मुलगी भार्गवी बंगळुरात इंजिनिअर आहे. अप्पांनी पूर्वी घडवलेली खेळण्यांची चाकं, म्हणजे रंगीत लाकडी चकत्या, तिने गोळा केल्या आणि प्रत्येकीत रेडिओ लहरींनी ओळखू येणारी एक आरएफआयडी खूण बसवली. चकती पेटीवर ठेवली की आतल्या रीडरने ती ओळखायची आणि पेटीने शब्द बोलायचा, असा तिचा बेत होता. पण रीडरचे पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, इतके जवळजवळ होते की तारा जोडताच येईनात. म्हणून मधे एक बोर्ड हवा होता.

माझ्याआधीचा बोर्ड तिने घाईत आखला. पाय आरशातल्यासारखे उलटे पडले. वीज देताच रीडर जळाला. आता एकच रीडर उरला होता.

मग तिने माझा आराखडा कागदावर छापला, त्यावर रीडर ठेवला आणि एकेक पाय मोजू लागली.

"कपड्याचं माप घेतेस का गं?" तिच्या आईने, जयम्मांनी विचारलं.

"हो अम्मा. मागच्या वेळी उलटं शिवलं होतं."

मी तयार होऊन आलो तेव्हा बटण दाबण्याआधी तिने एकेक पाय पुन्हा मोजला. माझाही जीव टांगणीला लागला होता. अप्पांनी तपकिरी चकती ठेवली. पेटीतून जयम्मांचाच आधी रेकॉर्ड केलेला आवाज आला, "कॉफी हवी!"

अप्पांनी ती पुन्हा ठेवली. पुन्हा. पुन्हा.

"डॉक्टरांनी दोनच कप सांगितलेत हो!" जयम्मा ओरडल्या.

"कॉफी हवी!" त्यांचाच आवाज त्यांना उत्तर देत होता. अप्पा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

शेजारीपाजारी मला बघायला आले. फार कौतुक झालं. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. एकदा केर काढताना पेटी खाली पडली. त्यानंतर मी मधेच अडखळू लागलो. "येत्या रविवारी बघते," भार्गवी फोनवर म्हणायची. रविवार येत आणि जात. माझ्या एका पायाजवळच्या सोल्डरच्या टाक्याला केसाएवढी भेग पडली होती. ती वाढत होती आणि मला ते सांगता येत नव्हतं.

एके दुपारी अप्पांनी लाल चकती ठेवली. लाल म्हणजे 'दुखतंय'. पेटी गप्प. त्यांनी ती पुन्हा ठेवली. मी जीव एकवटला, पण भेगेपलीकडे काही पोचेना. शेवटी ते चकती पेटीवर आपटू लागले.

अंगणात नाचणी वाळवणाऱ्या जयम्मा तणतणत आत आल्या. "अहो, कॉफी आत्ताच झाली ना?" मग त्यांनी चकतीचा रंग पाहिला आणि अप्पांचा घामेजलेला चेहरा पाहिला. "छातीत दुखतंय?"

अप्पांनी मान हलवली. शेजाऱ्याची रिक्षा होती म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला.

अप्पा वाचले. भार्गवीने भिंग लावून भेग शोधली, नवा टाका दिला आणि कितीतरी वेळ मला तळहातावर धरून बसली. आता जयम्मा रोज सकाळी पेटीवर एक चकती ठेवून बघतात. तरीही चकती खाली येताना मला धास्ती वाटतेच.

मित्रांनो, ज्या वस्तूच्या भरवशावर कोणी बोलतं, ती कुरकुरू लागली की लगेच दुरुस्त करा. आणि आम्ही कितीही चांगले चाललो, तरी अधूनमधून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत जा. ते काम मला जमत नाही.