पंपाचा आवाज

दादाने मागची सीट उचलून बाजूला टाकली, खालच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली.

"चावी फिरवा," तो नर्सबाईंना म्हणाला. "फक्त दिवे लागेपर्यंत. सेल्फ मारू नका."

नर्सबाईंनी चावी फिरवली. दादाने डोळे मिटले. घूंऽऽ... बारीक, सलग.

"पंप झकास चालतोय," त्याने जाहीर केलं.

सकाळपासून तिसऱ्यांदा केलं. सेल्फ फिरत होता, बॅटरी खणखणीत होती, ठिणगी पडत होती, आणि तरी गाडी काही पकडत नव्हती. प्लग काढून पाहिला तर ठणठणीत कोरडा. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. पंप चालू आहे म्हटल्यावर फिल्टरच तुंबला असणार, म्हणून त्याने फिल्टर बदलला. नळी काढून फुंकली. पुन्हा जोडली. गाडीचं आपलं तेच, खर्र खर्र खर्र आणि गप्प.

"दादा, दोन पेशंट घरी वाट बघतायत हो माझी," नर्सबाई खाली उतरत म्हणाल्या. मग जरा चाचरत, "धाकटीला बघू द्यायचं का एकदा?"

झालं! दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईंची पहिली गाडी त्याने सांभाळली, दुसरी सांभाळली, आणि आता धाकटीला बघू द्या!

वडिलांनी जाताना गॅरेज दोघा भावंडांच्या नावावर केलं, पण हा स्क्रूड्रायव्हर एकट्या दादाच्या हातात दिला होता. मुठीवरचं लाकूड त्यांच्या कानाने गुळगुळीत झालेलं. त्याच्या जोरावर लोक दादाला कानसेन म्हणायचे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तो दुखणं सांगायचा. धाकटी तेव्हा कुठे होती? मग ती कोर्स करून आली, हातात मीटर घेऊन, आणि तीन वर्षांत फोनवर एकच पालुपद सुरू झालं, ताई आहेत का? घरी बायकोसुद्धा म्हणायची, "वन्संना विचारा की एकदा." जळायचा तो. खोटं कशाला बोला, सख्ख्या बहिणीवर जळायचा.

त्यात तिच्या तऱ्हा. काही सांगायचं असलं की थेट याच्या समोर येऊन उभी राहणार, नाकासमोर, जणू मालकीणच. आणि गिऱ्हाइकांशी तेवढं हळू बोलणार. हल्ली सगळेच हळू बोलत. दादा जवळ गेला की जास्तच हळू. काय बोलत असतील ते त्याला न ऐकताही कळत होतं.

धाकटी हात पुसत आली. नर्सबाई बाकावर जाऊन फोन करत बसल्या.

"पंप बघितलास?" तिने समोर येऊन विचारलं.

"तीनदा. मी सांगितलेलं पुरत नाही का तुला?"

ती दार उघडून आत शिरली. ड्रायव्हरच्या सीटवर बसली, वळून त्याच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "पुन्हा ऐक बरं एकदा, माझ्यासाठी."

कर म्हणावं खात्री. दादाने स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानात जवळजवळ खुपसली, डोळे मिटले.

"हा काय! घूं घूं चाललाय. थांबायचं नाव नाही!"

बोलला आणि स्वतःच अडखळला. सेल्फ मारला नाही, तर पंप दोन सेकंद वाजतो आणि आपोआप थांबतो. धाकटीला हे त्यानेच शिकवलं होतं, याच टाकीपाशी वाकवून.

त्याने डोळे उघडले. धाकटी केव्हाच खाली उतरून दारापाशी उभी होती. गाडीची चावी तिच्या बोटात लटकत होती.

तिने ती मुठीत मिटून घेतली. जरा उशीरच झाला.

दादाने स्क्रूड्रायव्हर उचलला. आवाज तसाच होता, घूंऽऽ. तो दोन पावलं मागे गेला, तरी तसाच.

धाकटी सीटखाली वाकली. मीटर लावलं, एक तार ओढून पाहिली, जळून सैल झालेली पिन काढून नवी बसवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग तिने चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. दादाला ते आधी पायाखालच्या फरशीतून कळलं, मग नर्सबाईंच्या चेहऱ्यावरून.

"कमाल आहे बाई तुझी!" नर्सबाई धावत आल्या.

"माझी कसली?" धाकटी चांगली मोठ्याने म्हणाली. "दादाने सगळं तपासून ठेवलं होतं. एक तार तेवढी उरली होती, ती मी लावली."

दादाला पुन्हा झोंबलं. आता चांगुलपणातही हीच पुढे! पण रागवायला त्याच्याकडे काही शिल्लक नव्हतं. नर्सबाईंची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो हत्यारं पुसत राहिला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने मान वर न करता विचारलं.

उत्तर आलं नाही. की आलं? त्याने वर पाहिलं. धाकटीचे ओठ नुकतेच मिटले होते. मग ती तीन पावलं चालून त्याच्या पुढ्यात आली, अगदी नाकासमोर, आणि तेच पुन्हा म्हणाली, सावकाश.

"वर्ष झालं, दादा."

वर्षभर ती हीच तीन पावलं चालत होती. वर्षभर त्याने त्यावर दात खाल्ले होते.

त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. शेजारी दुसरी गाडी चालू होती, तिच्या इंजिनावर तिने त्याचा पंजा धरून टेकवला आणि ती समोरच उभी राहिली.

दादा बराच वेळ हात तसाच ठेवून होता.

"तिसरा," तो अखेर म्हणाला. "तिसरा सिलिंडर चुकतोय."

मग तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ कानाला लावली आणि वाकून ऐकायला लागली.