घडीच्या कागदावरचा अंगठा

कागद चौपदरी घडीचा होता आणि तो नंबरप्लेटवर दाबून धरणाऱ्या अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं. बाकीचा फोटो तिला पाठ झाला होता – चांदीच्या रंगाची गाडी, मागे कंपाउंडची भिंत, भिंतीवर वाळत टाकलेलं पायपुसणं – पण नजर प्रत्येक वेळी तिथेच जायची, त्या काळ्या नखावर, जे डिकीच्या झाकणात चेंगरलं होतं आणि जे पडायच्या आत बाबाच गेले. एका हाताने कागद धरायचा आणि दुसऱ्याने फोटो काढायचा, ही कसरत त्यांनी कशासाठी केली होती? तर नंबर कुणा लबाडाच्या हाती लागू नये म्हणून. लबाडाने नंबर सोडून बाकी सगळं उचललं होतं.

ती वाहनविम्याच्या कचेरीत दाव्यांचे फोटो तपासायची. अकरा वर्षं. एकच पोचा दोन गाड्यांवर दाखवणारे, सावली सकाळची आणि अपघात दुपारचा सांगणारे, असे कितीतरी तिने हसत हसत बाजूला काढले होते. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या साइटवरची ही जाहिरात खोटी आहे हे कळायला तिला अर्धा मिनिटही लागलं नव्हतं. किंमत बाजारभावाच्या निम्मी. बदली झाल्यामुळे तातडीने विकणे. गाडी दुसऱ्या गावी, गोदामात. आधी टोकन पाठवा, मग गाडी घरपोच. शेंबड्या पोरालाही कळावं. न कळण्यासारखं एकच होतं, की विकणाऱ्याच्या नावापुढे गोल चौकटीत बाबांचा चेहरा होता, आणि गाडीच्या वर्णनाचा मजकूर शब्दन् शब्द बाबांचा. सहा महिन्यांपूर्वी गाडी विकायला काढली तेव्हा त्यांनी स्वतः बसून लिहिलेला: *गाडीला दुखणं नाही. उजवीकडचा मागचा दरवाजा जरा हट्टी आहे, ढकलून लावावा, आपटू नये.*

पहिल्याच दिवशी तिने दादाला फोन केला होता. दादा म्हणाला, गाडी गेली, बाबा गेले, आता जो फसेल तो आपल्या कर्माने फसेल, तू कशाला नसत्या उठाठेवी करतेस. बाबांचा फोन पुसून कोरा करून आपल्या मेहुण्याला देऊन टाकणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची… तेराव्या दिवशी दिला होता. चांगला फोन पडून खराब होतो म्हणे.

तक्रार करायला दोन मिनिटं लागली असती. तिने चार दिवस लावले.

फोटो हवा होता म्हणून नव्हे. फोटो, मजकूर, सगळं तिने तेव्हाच उतरवून ठेवलं होतं, तारीख-वेळेसकट, कामाच्या सवयीने. पण त्या पहिल्या दुपारी तिने, पुरावा हवा म्हणून, फक्त पुरावा म्हणून, एक निरोप टाकला: गाडी अजून आहे का? आणि बाबांच्या चेहऱ्याखाली तीन टिंबं उमटली. हलू लागली. म्हणजे समोरचा काहीतरी लिहीत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या चेहऱ्याखाली काहीतरी हललं होतं आणि तिने – मी – टेबलाची कड घट्ट धरली.

*आहे ताई. बोला.*

मग ती बोलतच राहिली. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, घरी भाजी चिरता चिरता. तिच्या प्रश्नांत विष होतं. तिला वाटायचं आपण त्याला खेळवतोय. गोदामाचा पत्ता? पत्ता उद्या देतो. गाडीपुढे उभं राहून आजचा एक फोटो काढता का? ताई, विश्वास नसेल तर व्यवहार नको. मधेच लाडीगोडी: गाडी लेकीसारखी वापरली आहे ताई. हे वाचून तिला इतका संताप आला होता की तिने फोन पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं, आणि पाच मिनिटांनी पुसून बाहेर काढला.

आणि परवा तिने विचारलं: तो दरवाजा हट्टी कशाने झाला?

*जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच ताई.*

इथे थांबायचं होतं. पण तिची बोटं पुढे गेली. कदाचित… मुलीने शिकताना खांबाला लावली असेल?

टिंबं. बराच वेळ टिंबं. *हो ताई. मुलीनेच.*

हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती आणि बाबांनी पहिली गोष्ट केली ती ही, की तिला उतरवून सीट मागे सरकवली, आपल्या पायांच्या मापाची. नंतर आरसा. मग वर जाऊन सगळ्यांना सांगितलं, कुणीतरी ठोकून पळालं. दादा चौकीदाराशी आठ दिवस भांडला. बाबा पेपर वाचत राहिले. पुढे नोकरीत तिला कळलं, की सीट हीच खरी साक्षीदार असते. गाडी चालवत होते म्हणणारे वडील सहा फुटी आणि फोटोतली सीट पुढे ओढलेली – असे किती बाप तिने एका शेऱ्यात नापास केले. माहिती दडवली. दावा नामंजूर. बाबांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही की सीटचं मला कळलं होतं. सांगू, सांगू… आणि सांगितलं कुणाला? या चोराला.

आज सकाळी कामावर बसल्या बसल्या तिने जाहिरात उघडली. मजकूर एका ओळीने वाढला होता. *दरवाजा माझ्या मुलीने शिकताना खांबाला लावला होता, तिला रागावलो नाही, पण खोटं कशाला सांगू.*

तिने ती ओळ तीनदा वाचली. बाबांच्या चेहऱ्याशेजारी, बाबांच्या वाक्यांना लागून, अशी बेमालूम बसलेली. खाली एका बाईने आपल्या नंबरासकट लिहिलं होतं: इतकं खरं सांगणारा माणूस हल्ली मिळत नाही, आज दुपारी टोकन पाठवते.

म्हणजे जाहिरातीत एकच उणीव होती, खरेपणाची. ती मी भरून दिली.

साइटवरच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये कारण विचारलं होतं. तिने ‘दुसऱ्याची ओळख वापरली’ वर खूण केली, तर पुढे सूचना: शक्य असल्यास संबंधित व्यक्तीने स्वतः तक्रार करावी. ती हसली, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. तिने सगळे फोटो, संभाषण, त्याचा नंबर, टोकनसाठी दिलेला खातेक्रमांक जोडला, तेच सगळं पोलिसांच्या सायबर शाखेलाही पाठवलं, आणि उठून जिन्यात गेली.

टोकन पाठवणाऱ्या त्या बाईंनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. ती गाडीची जाहिरात खोटी आहे, तिने सांगितलं, पैसे पाठवू नका.

“तुम्ही कोण?”

“गाडी ज्यांची होती त्यांची मुलगी.”

“त्यांच्याशी तर माझं काल बोलणं झालं. किती सज्जन माणूस.”

“ते चार महिन्यांपूर्वी गेले.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग बाई सावकाश म्हणाल्या, “तुम्हालाच हवी असेल गाडी. मला म्हणालेच ते, दुसरी एक बाई मागे लागलीय म्हणून. आणि काय हो, माणूस गेला म्हणता, तर मग खांबाचं कुणी लिहिलं? असलं घरातलं कुणी बाहेरचा लिहील का?”

“मी सांगितलं त्याला.”

“कशाला?”

जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी किल्लीने रेघा ओढल्या होत्या. ती त्या मोजत राहिली. याला उत्तर होतं, पण ते फोनवर अनोळखी बाईला देण्याजोगं नव्हतं, आणि ओळखीचं कुणी उरलं नव्हतं.

“खांबाला मी लावली होती,” ती म्हणाली. आवाज ऐकू येईल इतपत मोठा होता.

“म्हणजे तुम्हीही त्यातल्याच,” बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. मग तिने फॉर्मची पोच आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो त्या नंबरावर पाठवला. गेला. वाचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

जागेवर येऊन तिने पडदा उजळला. आपली तक्रार मिळाली आहे. तपासणी होईपर्यंत जाहिरात दिसत राहील. दिसत होती. अंगठा, घडीचा कागद, ती ओळ. *तिला रागावलो नाही.* इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे वाक्य ऐकायला मिळालं तर आपण मोकळ्या होऊ. मिळालं होतं. खऱ्या बापाने न बोललेलं, खोट्याने बोलून दाखवलेलं; आणि ते खरं होतं म्हणूनच तिला आता बाबांचाही राग येत होता. एकदा रागावला असतात तर काय बिघडलं असतं.

पडद्याच्या तळाशी त्या चोराचा निरोप आला. *ताई, काय ठरलं?*

मग पुन्हा टिंबं. चार दिवस ती उमटली की कोण लिहितंय हे पक्कं माहीत असूनही तिचा श्वास अडायचा. ती बघत राहिली. थांबली, पुन्हा हलली. एवढं काय लिहितोय हा माणूस, तिच्या मनात आलं…

हा माणूस.

तिने चेहऱ्याकडे पाहिलं, मग टिंबांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. खुर्ची पुढे ओढली होती तशीच होती. बाबांनी सीट सरकवली होती तशी ती तिने मागे सरकवली नाही.