पाट्यांची बाग

बागेसाठी वर्गणी मागायला दोघेच निघत, पेंटर आणि निवृत्त कंपाउंडर. संध्याकाळभर जिने चढून उतरल्यावर पदरात पडे तो घरोघरचा चहा आणि फुकटचे सल्ले. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत राडारोडा, फुटके टब आणि गुडघाभर गवत होतं. नगरपालिकेने ती जागा बागेसाठी देऊ केली होती, पण कुंपण, माती आणि पाण्याची लाइन रहिवाशांनी आपली आपण बघायची होती.

"माती विकत घ्यायची?" तळमजल्यावरचे मास्तर म्हणाले. "उद्या वाऱ्याचीही वर्गणी मागाल."

"वारा तुमच्याकडूनच घेऊ. भरपूर सोडता," कंपाउंडर म्हणाले, आणि तेही दार बंद झालं.

पेंटरला हसू आलं नाही. त्याची मुलगी तापाने गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून त्याच्या बायकोने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. स्वयंपाक करी, कपडे वाळत घाली, विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. डॉक्टर झाले, बहिणी येऊन राहून गेल्या. बाग झाली, पोरांचा कालवा कानावर पडायला लागला, तर ती पुन्हा माणसांत येईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. याला झाडांचं वेड आहे, असं कंपाउंडरना वाटे. खरं तर गुलाब आणि झेंडू सोडून तिसरं फूल त्याला ओळखता येत नसे.

पहिलं पाकीट पुढे केलं ते कोपऱ्यावरच्या टेलरबाईंनी. त्यांच्या दुकानात दोन मशिनी होत्या. नवरा गेल्यापासून एकीवर कापड झाकलेलं होतं.

"झाडं लावणारच आहात तर एक ह्यांच्या नावाने लावा," त्या म्हणाल्या.

ज्याच्या हातात ब्रश, त्याला प्रत्येक दुखण्यावर पाटी हेच औषध सुचतं. पेंटरने पत्र्याचा तुकडा घासला, प्राइमर मारला, खडूच्या दोऱ्याने रेघा आखल्या आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत बाईंच्या नवऱ्याचं नाव काढलं. खाली 'यांच्या स्मरणार्थ'. भोवती दुकानांच्या पाट्यांना काढतो तशीच दुहेरी किनार. झाडाचा अजून पत्ता नव्हता, म्हणून बाईंनी पाटी दुकानातच टांगली.

मग मात्र जिन्यांवर रीघ लागली. "त्यांच्या नवऱ्याला पाटी, मग माझ्या आईने काय घोडं मारलंय?" असं म्हणत मास्तर स्वतः पैसे घेऊन वर आले. कोणी भावासाठी, कोणी सासऱ्यासाठी. दिवसभर गावातली दुकानं रंगवून आला की पेंटर रात्री जेवणापर्यंत नावं काढत बसे. घरभर पत्रे वाळत पडलेले असत. बायको त्यांच्यामधून जपून पावलं टाकत जाई.

"तुझ्या मुलीची पाटी कधी करतोस?" कंपाउंडरनी एकदा विचारलं.

"बाग जिवंत पोरांसाठी आहे," पेंटर तुटकपणे म्हणाला आणि ब्रश पुसायला लागला.

कुंपण झालं, माती आली, नळाला पाणी आलं. रोपं वीतभर आणि पाट्या हातभर. पहिल्या दिवशी पोरं आरडत आत घुसली, आणि पहिलाच बॉल मास्तरांच्या पाटीवर आदळला.

"ए, माझी आई आहे ती," मास्तर म्हणाले.

पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी भावाचं रोप मोडलं, आणि मग वर्गणीदारांनी नेमलेल्या बागेच्या समितीने पेंटरला आणखी एक पाटी सांगितली: 'कृपया शांतता राखा. खेळू नये.' ज्यांच्या पैशांवर बाग उभी राहिली तेच सांगत होते. नाही कसं म्हणायचं? शिवाय काम ते काम. ही पाटी सर्वांत मोठी होती, आणि अक्षर त्याने नेहमीसारखंच नेटकं काढलं. बागेत माणसं येऊ लागली. हलक्या आवाजात बोलत, पाट्या पुसत, आपापल्या रोपापाशी बसून जात.

सुट्टीच्या एका दुपारी पेंटर घरी होता. मागच्या खोलीची खिडकी त्याला बंद दिसली, कडी लावलेली.

"उघडू का गं? बाग दिसेल."

"दिसते. ऐकू काही येत नाही."

"यायला लागेल. थोडे दिवस जाऊ देत."

"आधी यायचं," ती म्हणाली. "दुपारी पोरं यायची त्या राडारोड्यात. भिंतीवर बॉल मारायची, भांडायची. एकजण तर आउट झाला की रोज रडायचा, आणि रोज म्हणायचा, उद्यापासून खेळणार नाही. मी इथं बसायचे. तुम्ही कामावर असायचात."

पेंटर पलंगाच्या कडेवर टेकला. "मला बोलली नाहीस कधी."

"घरात पोरांचा विषय नको, असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलं होतंत." "त्या रडक्याला जवळून बघावं, एकदा खाली जावं, असं मनात यायला लागलं होतं."

"आता कुठे खेळतात ती?"

"काय माहीत. इथून दिसत नाहीत."

तो उठला, पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि खाली गेला. नावांना हात लावायचा नाही, निदान ती मोठी पाटी तरी काढायची, एवढं त्याने जिन्यातच ठरवलं होतं. समितीला काय सांगायचं ते मागून बघू. बागेत टेलरबाई एकट्याच होत्या. नवऱ्याच्या रोपापाशी जमिनीवर बसून काहीतरी बोलत होत्या, समोर कोणी असावं तशा. त्याने पाटीचा एक स्क्रू सोडवला, दुसऱ्याला हात घातला.

"सैल झाली का हो?" बाईंनी विचारलं.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली घेतला.

"नीट आवळून घ्या. ही आहे म्हणून बसता येतं बघा. दुकानात ती झाकलेली मशीन समोर असते, शब्द फुटत नाही. इथं दोन गोष्टी बोलून होतात. परवा पोरं आली होती, पाटी वाचली आणि गुमान परत गेली. गुणी आहेत बिचारी." त्या उठून जवळ आल्या. "रंग उडणार नाही ना उन्हाने?"

पेंटरच्या तळहातावर तो एक स्क्रू होता. पाटी एका बाजूने खाली लोंबत होती. त्याने ती वर उचलली, भोकाला भोक जुळवलं.

"नाही उडणार," तो म्हणाला आणि स्क्रू आवळू लागला.