ओढायचा सूर

माझ्या थोरल्याची छाती रंगाने खाल्ली. गाड्यांना फवाऱ्याने रंग मारायचं काम. तोंडाला फडकं बांध म्हणून ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण आईचं ऐकलं तर मोठेपणा कसला! आता जिना चढला की लोहाराच्या भात्यासारखा वाजतो. तरी शनिवारी दोस्तांबरोबर एकदा माउथऑर्गन वाजवायचाच, हा हट्ट. जुन्याची पत्ती तुटलेली, सून कामावर, म्हणून दुकानात मी गेले. गाणं ब्लूजचं, म्हणजे विलायती दुःखाचं, आणि ई पट्टीतलं, एवढं त्याच्या गिटारवाल्या दोस्ताने सांगितलं होतं.

दुकानदार म्हणाला, "ब्लूज वाजवणार ना, मावशी? मग ए पट्टीचा न्या."

"मी ई मागितला. कान साफ कर."

"गाणं ईमधलं असलं की ए लागतो. हे लोक फुंकतात कमी, श्वास आत ओढतात जास्त. ओढलं की सूर रडतो. ई घेतलात तर फुंकून वाजेल, पण शाळेतल्या प्रार्थनेसारखा."

शाळा मी फारशी पाहिली नाही, पण ओढणं-फुंकणं मला कळतं. माझ्या पोराला श्वास आत घेताना घाम फुटतो. बाहेर सोडणं अजून जमतं.

"ईच दे," म्हटलं.

घरी दोस्त येऊन बसलाच होता. थोरल्याने डबी उघडून माउथऑर्गनवरचं अक्षर पाहिलं.

"आई, चुकीचा आणलास."

"मी चुकत नसते. फुंक गुमान."

दोस्ताने गिटार धरली. हा फुंकत गेला. स्वच्छ सूर, एक खोकला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"छान!" दोस्त म्हणाला.

थोरला थांबला. दोस्ताला म्हणाला, "इतकी वर्षं शिव्या घातल्यास मला. आज छान? एवढं वाईट वाजलं?"

दोस्त छताकडे बघायला लागला.

"आई, ए आण."

"मरायचंय का तुला?"

"आण ना गं."

पुन्हा चपला घातल्या. मला पाहताच दुकानदार म्हणाला, "तोंडाला लावलेला परत घेत नाही हं."

"परत कोण देतंय, मेल्या? दुसरा काढ."

घरी थोरल्याने तो दोन्ही हातांत झाकून धरला आणि श्वास ओढला. सूर वाकला, खाली गेला, दबून दबून वर आला. माझ्या अंगावर काटा आला. मग श्वासच संपला. खोकला असा सुटला की मी त्याची पाठ धरून बसले. ओठ निळे पडले होते.

दोस्त या वेळी छान म्हणाला नाही. बोटं चालूच ठेवली त्याने. माउथऑर्गनची जागा आली की तेवढी मोकळी सोडायचा, पुन्हा सुरुवातीला यायचा, आणि परत मोकळी सोडायचा.

थोरल्याने मान हलवली. "शनिवारी दुसरा कुणी बघ. ओढणारा बघ."

दोस्त वाजवतच राहिला.

"ऐकलंस ना रे त्याने काय सांगितलं?" मी म्हटलं. "पुरे आता."

तेव्हा कुठे दोस्ताने तारांवर हात ठेवून त्या थांबवल्या.