हिजिकीला सोबत

त्सुजिमुरांनी हिजिकीचा पट्टा सैल सोडला आणि तिला तिसऱ्या पिंजऱ्यासमोर बसवलं. पहिल्या दोन पिंजऱ्यांतल्या गोंडस पिल्लांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणारा हा मेळावा दर महिन्याला नगर कार्यालयाच्या आवारात भरे. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे त्सुजिमुरा तिथे आले होते ते आपल्या कुत्रीसाठी कुत्रा निवडायला.

हिजिकी नऊ वर्षांची, काळीकुळकुळीत. समुद्रातल्या काळ्या शेवाळाची भाजी परतता परतता बायकोने तिला त्या भाजीचंच नाव दिलं होतं. शरदात बायको गेली आणि तेव्हापासून हिजिकी दिवसभर दाराशी, चपलांच्या शेजारी बसून राही. वाटी भरलेली तशीच. अंगावरची हाडं आता हाताला लागत. "तिला सोबत आणा," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "तुमची पुरणार नाही." ते शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती, असं त्सुजिमुरांना अजून वाटे.

तिसऱ्या पिंजऱ्यात गोन्ता होता. तपकिरी, पोक्त, एक कान फाटलेला. रूपाच्या नावाने आनंदच. तो आपला निवांत जेवत होता. मेळाव्याचं काम पाहणाऱ्या ओगुराबाईंनी दार उघडलं, तशी हिजिकी आत गेली आणि तिने सरळ त्याच्या वाटीत तोंड घातलं. गोन्ता जरा बाजूला सरकला. दोघांनी मिळून वाटी चाटूनपुसून साफ केली.

त्सुजिमुरांनी चष्मा काढला आणि काचा पुसायचं नाटक केलं.

"हाच," ते म्हणाले.

"याला आधीच एक मागणी आहे हो, आजोबा," ओगुराबाई म्हणाल्या. "त्या बाई दुपारपर्यंत येऊन सांगणार आहेत. नाही म्हणाल्या, तर तुमचाच. तोवर अर्ज भरून ठेवा."

अर्ज सोपा होता. नाव, वय, अंगणाला कुंपण आहे का. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं. अर्जदाराला काही झालं, तर कुत्र्याला कोण सांभाळील? त्या व्यक्तीची सही आणि नावाचा शिक्का.

"पासष्टच्या पुढे हे लागतंच," ओगुराबाई खाली बघत म्हणाल्या. "आमचा नाइलाज आहे."

त्सुजिमुरांनी मुलीला फोन लावला.

"बाबा! छातीत दुखतंय का?"

"छाती ठीक आहे, हारुए. एका कुत्र्याबद्दल विचारायचं होतं." त्यांनी सगळं सांगितलं.

"विचार करते हं, बाबा. घरी बोलून बघते."

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. मुलीला ही रीत त्यांनीच शिकवली होती. तिच्या इमारतीत कुत्री ठेवू देत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं.

"बरं, बरं. वेळेवर जेवत जा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सातवा रकाना रिकामाच होता. त्याच्याकडे बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की हिजिकीबद्दल हे आपल्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जानेवारीत रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, तेव्हा हिजिकी तीन दिवस बंद घरात एकटी होती. शेजारणीने टपालाच्या फटीतून पाव टाकला होता. ते घरी परतले तेव्हा तुकडे तसेच पडलेले होते आणि हिजिकीला उठून उभंही राहवत नव्हतं. पुन्हा असं होणार, हे कळायला डॉक्टरांची गरज नव्हती.

इतक्यात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक बाई लगबगीने आली. टोफूच्या दुकानातली आराकावाबाई.

"अगंबाई, त्सुजिमुरा-सान! तुम्ही इथे?" ती पिंजऱ्याशी बसली, तसा गोन्ता तिच्या मांडीवर चढू लागला. मागोमाग हिजिकीही आली. "मी नेतेय याला. नवरा म्हणतो, घरात तू भुंकतेस तेवढं पुरत नाही का?"

त्सुजिमुरा हसले. आता अभिनंदन करून निघायला हवं होतं. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. मग ते कमरेत इतके खाली वाकले, की आराकावाबाई घाबरून उभीच राहिली.

"एक विनंती आहे."

"अहो, हे काय?"

"ही त्याच्या वाटीतलं खाते," ते तसेच वाकून म्हणाले. "मला दुसरा कुत्रा मिळायचा नाही. तुम्हाला... तुम्हाला हीसुद्धा चालेल का?"

आराकावाबाईने हिजिकीकडे पाहिलं, मग ओगुराबाईंकडे.

"आमच्याकडे टोफू करून सोयाबीनचा चोथा रोज उरतो," ती म्हणाली. "चालतो का हिला?"

"ठाऊक नाही हो. बायको गेल्यापासून हिला काय चालतं, तेच कळत नाही."

ओगुराबाईंनी दुसरा कागद आणला. आधी दोन आठवडे ठेवून बघायचं, मग पक्कं. 'देणारा' असं लिहिलं होतं तिथे त्सुजिमुरांनी शिक्का उठवला. जरा वाकडाच उठला.

गोन्ता गाडीत चढला आणि त्याच्या मागे हिजिकी. त्सुजिमुरांनी पट्टा आराकावाबाईच्या हातात दिला.

"दुकान पहाटेपासून उघडं असतं," ती म्हणाली. "सकाळच्या सूपसाठी टोफू न्यायला तुम्ही येताच की. येत जा, भेटत जा तिला."

"नको," ते म्हणाले. "मला पाहिलं, की मी निघाल्यावर ती पुन्हा दाराशी बसेल."

गावात टोफूचं दुकान ते एकच. त्सुजिमुरांच्या सकाळच्या सूपमध्ये आताशा नुसती कांद्याची पात असते.