बिनदारूचा ग्लास

दारू सोडलेला माणूस समाजात नव्यानं जन्म घेतो, असं व्यसनमुक्ती केंद्राच्या फलकावर लिहिलेलं आहे. पांढुर्ण्यात हा फलक दारूच्या दुकानासमोर लावला, कारण लोक थांबून वाचतील अशी दुसरी जागा सापडली नाही.

गजानन मास्तरांचा हा जन्म होऊन तीन वर्षं झाली. गाव मात्र अजून बारशाला आलं नव्हतं. त्यांच्या वृषालीच्या दोन सोयरिकी एकाच वाक्यावर मोडल्या: "पोट्टी चांगली आहे, पण बाप घेते."

तिसरी सोयरीक सौसरच्या कवडूजींकडची. कवडूजी तहसिलीतून रिटायर झालेले, मुलगा ऋषिकेश पुण्यात कंपनीत. मध्यस्थ होता तुषार, मास्तरांच्या बायकोचा, जयश्रीबाईंचा, भाचा. त्याचा फोन आला.

"काकाजी, पोराचं म्हणणं आहे, घरी पोहे नको. चांगल्या ठिकाणी बसू, मॉकटेल घेऊ."

"म्हणजे काय घेऊ?"

"सगळा थाट दारूचा, फक्त दारू नसते."

मास्तरांना हे पटलं. कवडूजींच्या डोळ्यांसमोर चारचौघांत ग्लास उचलायचा आणि त्यात दारू नसायची, यापरता पुरावा कोणता? फक्त जागा आधी पाहून ठेवायला हवी होती. धडा वाचल्याशिवाय वर्गात जाणारे मास्तर ते नव्हते.

अडचण एवढीच की, गादीची खुर्ची, एसी आणि मेनूकार्डात मॉकटेलचं पान या तिन्ही गोष्टी जिथं एकत्र होत्या, तिथं पाटीवर 'रेस्टॉरंट अँड बार' असं लिहिलेलं होतं.

तिगावच्या रस्त्यावर त्यांना एक निळा ग्लास मिळाला.

"याची चव कशाची आहे बाप्पा?"

"निळीच असते सर."

लोधीखेड्याला मोहितो मागवला. वेटर आत जाऊन परत आला. "पुदिना खतम झाला सर. सांबार टाकू का?" कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे माहीत असूनही मास्तर उठले.

हायवेवरच्या बारमध्ये संत्र्याचा रस मागितला, तर डब्यातला आला. खिडकीबाहेर संत्र्यांचा ट्रक भरणं चाललं होतं. मास्तरांनी बोट दाखवलं. वेटर म्हणाला, "ते बाहेर जाते सर. आपल्याकडे डब्यातलाच येते."

चौथ्या, सौसरच्या बारमध्ये रोशन भेटला. त्यानं ताजं संत्रं पिळलं, आलं ठेचलं, काळं मीठ टाकलं, वर सोडा ओतला आणि सालीचा तुकडा ग्लासाच्या काठावर चोळला. साखर नाही. मास्तरांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. तीन वर्षं लोक त्यांना लग्नात लेकरांच्या पंगतीतलं लाल सरबत देत होते.

"रोशनभाऊ, आज कोणीतरी मले मोठ्या माणसासारखं पाजलं."

त्या आठवड्यात ते आणखी दोनदा गेले. एकदा आलं कमी करायला. एकदा ग्लास बदलायला. "ही छत्री अन् नळी काढ. इज्जतदार ग्लासात दे." रोशननं व्हिस्कीच्या ग्लासात दिलं.

आमच्याकडे सोयरिकीआधी चौकशी घरी करत नाहीत, घरचे खोटं बोलतात. ती पानठेल्यावर करतात. कवडूजींनी चार पानठेले केले, चारही बारसमोरचे. सौसरच्या बारसमोरचा पानठेलेवाला तर मास्तरांचाच विद्यार्थी निघाला.

"गजानन सर? सोन्यासारखा माणूस. या आठवड्यात तीनदा आले. काचेजवळच बसतात. एकटेच, आवडीनं, हळूहळू घेतात."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

संध्याकाळी कवडूजींचा फोन आला. "मास्तर, राहू द्या आता."

"कवडूजी, ते सरबत होतं. तुमच्यासाठीच पाहून राहिलो होतो."

"चार बार फिरून सरबत?"

"चांगलं भेटत नव्हतं ना."

"तहसिलीत पस्तीस वर्षं लोकांचे बहाणे ऐकले मी. हा नवा आहे."

"रोशनले विचारा. तो बनवते."

"म्हणजे आता बारवाल्याची साक्ष घेऊ?" कवडूजी मनापासून हसले आणि फोन ठेवला.

जयश्रीबाई म्हणाल्या, "मी तं म्हणतच होती, घरीच पोहे करू." आणि पोहे भिजवले नसतानाही स्वयंपाकघरात निघून गेल्या.

वृषाली चहा घेऊन आली. कप देताना गरजेपेक्षा जास्त वाकली आणि श्वास आत ओढला. मास्तर सौसरहून येऊन तासही झाला नव्हता.

"कशाचा वास आला?" मास्तरांनी विचारलं.

"आल्याचा."

"मग?"

"वास मारायलेच आलं खातात बाबा," ती म्हणाली. "पहिलेही तुम्ही तेच खात होते."

मास्तरांनी चहा घेतला. त्यातही आलं होतं.

दोन महिन्यांनी ऋषिकेशचं नागपूरला जमलं. बैठक एका मोठ्या हॉटेलात झाली. तुषार गेला होता. त्यानं येऊन सांगितलं की, कवडूजी सोडून सगळ्यांनी गोड मॉकटेल घेतलं. कवडूजींना अकरा वर्षांपासून शुगर आहे. ते घरून पाण्याची बाटली घेऊन गेले होते.